ड्रम नाही, लॉट परत

३ तारीख, सोमवार

ही डायरी मॅनेजरने वर्षाच्या सुरुवातीला सगळ्यांना वाटली होती. आजपर्यंत मी तिच्यावर साबण, बल्ब असलं लिहून पानं फाडत आले. आजपासून नीट लिहिणार. उद्या भांडण पेटलं की हेच लोक म्हणतील, मावशी, तुम्ही असं बोललाच नव्हता. लिहिलेलं असलं की बोलती बंद.

मी रेकॉर्ड छापायच्या कारखान्यात ऐकणारी आहे. छापलेल्या दर पन्नासातली एक रेकॉर्ड माझ्याकडे येते. मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकते आणि चिठ्ठीवर 'पास' नाहीतर 'परत' लिहून सही करते. माझी सही नसेल तर एक खोका दाराबाहेर जात नाही. शाळा चौथीपर्यंत, पण सत्तावीस वर्षांत माझ्या सहीचा माल कुणी तोंडावर फेकलेला नाही.

आज 'टोपी' आली. रेकॉर्डचं खरं नाव लांबलचक आहे, माझ्या जिभेवर बसत नाही. कव्हरवर पियानो आणि पियानोवर टोपी, म्हणून सगळा कारखाना तिला टोपीच म्हणतो. चार माणसांची जॅझ आहे, साठ वर्षांपूर्वीची. सॅक्सोफोन, पियानो, बास आणि ड्रम. मी नोकरीला लागले तेव्हापासून आम्ही ती छापतोय. जॅझ म्हणजे काय ते मला कुणी शिकवलं नाही, पण टोपी मी तीनशे वेळा तरी ऐकली असेल. दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात सॅक्सोफोनवाला श्वास घ्यायला थांबतो आणि मागे एकटा ड्रमवाला उरतो. काठीने बडवत नाही, ब्रशने फिरवत असतो. शेजारच्या घरात कुणीतरी शांतपणे झाडू मारतंय असं वाटतं. तेवढ्यासाठी मी दर वेळी वाट बघते.

आता झिंज्याने ती नवी केली आहे. झिंज्या म्हणजे कंपनीचा नवा साउंडवाला, खांद्यापर्यंत केस. त्याला कुठल्याशा गोदामात पहिली मूळ टेप सापडली. ती धुऊनपुसून त्याने नवीन रेकॉर्ड केली, त्याला रीमास्टर म्हणतात. सकाळी माझ्या खोलीत येऊन अक्कल पाजळून गेला.

"मावशी, जुन्या छापात चौघं एकाच भोकातून यायचे. आता जसे त्या खोलीत बसले होते तसे बसलेत. ड्रम आणि पियानो डावीकडे, सॅक्सोफोन आणि बास उजवीकडे. तुमचा तो जुना हेडफोन नको. हा घ्या, दोन्ही कानांवर घालायचा."

मी म्हटलं, "मी तुझी मावशी नाही. ठेव तिथे."

माझा जुना हेडफोन एकाच कानाचा आहे. दोन्ही बाजूंचा आवाज मिसळून उजव्या कानात येतो. डावा कान मोकळा ठेवायचा, कारण डावीकडच्या भिंतीत खिडकी आहे आणि खिडकीपलीकडे प्रेसचा हॉल. एखाद्या प्रेसची वाफ वेळेवर सुटली नाही की मी लोखंडी पट्टी खिडकीवर वाजवते, प्रेसवाला धावतो. माझ्या खुर्चीच्या वर, भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलंच आहे: एक कान रेकॉर्डला, एक कान हॉलला. पहिल्या मॅनेजरने लिहून घेतलं होतं. पाहुणे आले की आधी ते दाखवतात.

असो. नवा हेडफोन घातला. टोपी लावली. सॅक्सोफोन स्वच्छ, बास स्वच्छ. पियानोवर कुणीतरी गोधडी टाकलेली. आणि ड्रम? ड्रम कुठाय? तिसऱ्या गाण्यात सॅक्सोफोनवाला थांबला आणि मागे काही नाही. नुसतं रिकामं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. परत लावलं. परत रिकामं.

चिठ्ठीवर लिहिलं: ड्रम नाही. परत.

४ तारीख, मंगळवार

मॅनेजर चिठ्ठी हातात घेऊन आला.

"मावशी, हे काय? ड्रम आहे."

"मग मला का नाही ऐकू येत?"

"अहो, दोन हजार रेकॉर्डींचा लॉट आहे. अठ्ठावीसला दुकानात लागायचाय."

"मग त्या झिंज्याला सांगा ड्रम घालायला. चार माणसांतला एक गिळून बसलाय तो. रेकॉर्डचं नाव टोपी, आणि गिऱ्हाइकालाच टोपी घालताय."

तो हसला नाही. टेबलावरची माझी पेनं सरळ करून गेला. बिनकामाचा माणूस.

घरी आले तर हे आधीच टेबलाशी बसलेले, माझ्या उजव्या हाताला. खिडकीजवळची चांगली खुर्ची सोडून तिथे भिंतीशी कोंडून बसतात, चार वर्षं झाली. मी म्हटलं, अहो, तिकडे वारा येतो, तिकडे बसा. म्हणे, मला इथेच बरं. पलंगावरही बाजू बदलून घेतली आहे. सुतार माणूस, लाकडासारखाच हट्टी.

६ तारीख, गुरुवार

मॅनेजरने चहाच्या मशीनजवळच्या फळ्यावर बारा कार्डं लावली आहेत. कंपनीने बारा श्रोते बोलावले होते, रीतसर खुर्च्या मांडून त्यांना नवी टोपी ऐकवली आणि प्रत्येकाकडून मत लिहून घेतलं. त्यातली चांगली मतं कव्हरच्या मागे छापणार आहेत. फळ्यावर कशाला लावली? मला दाखवायला. मी काय एवढी खुळी नाही.

चहा पिता पिता एकेक अक्षर लावून सगळी वाचली. चहा गार झाला.

एका शिक्षिकेने लिहिलंय, "या रेकॉर्डवर चार माणसं आहेत हे मला आज कळलं." बाई, मग इतकी वर्षं काय तीन मोजत होतात?

एकाने लिहिलंय, "ड्रमवाल्याच्या मनगटावरचा घाम दिसतो." दिसतो! ऐकायला बोलावलं होतं तुला.

एका म्हाताऱ्याने लिहिलंय, "माझ्या जुन्या रेकॉर्डवर माझ्या घराचे ओरखडे होते. तिसऱ्या गाण्यात मुलीने सुई ओढली होती. ते नसताना मला चुकल्यासारखं झालं." मला हसू आलं. आम्ही जन्मभर एक ओरखडा राहू नये म्हणून मरतो आणि यांना ओरखडे हवेत. पण हा माणूस खोटं बोलत नसावा.

एक दातांचा डॉक्टर आहे. त्याचं एवढंच: "जुनी बरी होती. यात ऊब नाही." बारा जणांत हा एकटा खरा. बाकी सगळे फुकटच्या खुर्चीवर बसून हो ला हो करणारे. ड्रमचं कौतुक सात कार्डांवर आहे. सात! नसलेल्या वस्तूचं!

झिंज्या चहा घ्यायला आला. मी त्याला विचारलं, "किती दिलेस रे यांना?"

"काय किती?"

"खोटं लिहायला."

तो लाल झाला. म्हणाला, "मावशी, दीड वर्ष घालवलंय मी या टेपवर."

"मग ड्रमवर अजून एखादा दिवस घालव."

सगळे ऐकत होते. ऐकू देत.

७ तारीख, शुक्रवार

प्रेसवाल्याने आज खिडकीतून तोंड घातलं. "मावशी, काल दोन नंबरचा प्रेस अर्धा तास वाफ सोडत नव्हता. तुम्ही पट्टी वाजवली नाही. शंभर रेकॉर्डी वाकड्या निघाल्या."

मी म्हटलं, "वाफ सुटत होती."

"नव्हती हो."

"तुझं लक्ष नव्हतं ते माझ्यावर ढकलू नको."

मॅनेजरनेच शिकवलं असणार त्याला. सगळे एक झालेत.

१० तारीख, सोमवार

आज तंटा तोडायचा म्हणून मॅनेजर झिंज्याला घेऊन खोलीत आला. दार लावलं. खिडकी नेहमीसारखी उघडी, प्रेस फुसफुसत होते.

झिंज्याने टोपी लावली, दुसरी बाजू, तिसरं गाणं. हेडफोन माझ्या डोक्यावर घातला. मी डोळे मिटले. सॅक्सोफोन थांबला. रिकामं.

"नाही," मी म्हटलं. "कुठेय?"

त्याने हेडफोन काढून स्वतः ऐकलं. "आहे, मावशी. डावीकडे. स्पष्ट आहे."

"तुझा घाम दिसणारा ड्रम तुलाच दिसू दे."

मॅनेजर म्हणाला, "पुरे झालं, सही करून टाका."

मी म्हटलं, "हात तोडून घ्या आणि करा त्याने."

झिंज्याने माझ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग भिंतीवरच्या अक्षरांकडे. सुई उचलून गाण्याच्या सुरुवातीला ठेवली आणि हेडफोन परत माझ्या डोक्यावर घातला, या वेळी जरा सावकाश, आपल्या हाताने नीट बसवून.

आणि ड्रम आला!

काय सांगू. जवळ, इतका जवळ की कानाशी ब्रशचे केस मोजावेत. सॅक्सोफोन थांबतो तिथे तो थांबला नाही, उलट थोडा हळू झाला, म्हणजे त्याला ठाऊक होतं की आता आपण एकटे आहोत. तीनशे वेळा ऐकून हे मला माहीत नव्हतं.

पण त्या बदमाशाने आता सॅक्सोफोन गोधडीखाली घातला होता! एकाच्या खिशातून काढून दुसऱ्याच्या खिशात.

मी हेडफोन काढून आपटला. "बघा साहेब! कुठलं तरी बटण दाबलं याने. ड्रम होता याच्याकडे, दडवून ठेवला होता. आता आणला तर सॅक्सोफोन खाल्ला."

मॅनेजर म्हणाला, "काय केलंस रे?"

झिंज्या म्हणाला, "काही नाही. हेडफोन उलटा घातला."

"म्हणजे?"

"डावी बाजू उजव्या कानाला."

मॅनेजरने परत माझी पेनं सरळ केली. झिंज्या जाताना म्हणाला, "मावशी, चूक तुमची नाही." माझी नाहीच आहे! तेच तर आठवडाभर सांगतेय.

११ तारीख, मंगळवार

मी जिंकले असं कुणीतरी म्हणायला हवं होतं. कुणी म्हणालं नाही. उलट सगळे माझ्याशी हळू आणि गोड बोलतायत. त्याचा मला जास्त राग येतो. मॅनेजरची चिठ्ठी आली: उद्या कानाच्या डॉक्टरकडे जाणे. दरवर्षीची तपासणी म्हणे. सत्तावीस वर्षांत कुठल्या वर्षी केली होती? मला बहिरी ठरवायचा डाव आहे. जाणार. कागद आणून त्याच्या टेबलावर आपटणार.

१२ तारीख, बुधवार

गेले. काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, हातात बटण दिलं. टुक वाजलं की दाबायचं. मी म्हटलं हे तर माझं रोजचं काम. उजव्या कानाला दाबत गेले, दाबत गेले, डॉक्टरीणबाई मान हलवत होत्या. मग डाव्या कानाला सुरू केलं. मी थांबले. अजून थांबले. शेवटी काचेवर टकटक केली, "बाई, सुरू करा की." त्यांनी पलीकडून बोटांनी दाखवलं, सुरू आहे.

कागदावर दोन रेघा आहेत. एक रस्त्यासारखी सरळ जाते. दुसरी जिन्यासारखी उतरते आणि शेवटी तळघरात जाते. मला वाचायला फार येत नाही, पण रेघ कळते.

त्या म्हणाल्या, "बारीक, उंच आवाज डाव्या कानाला येत नाहीत. परत येणारही नाहीत."

"कधीपासून?"

"दहा-बारा वर्षं तरी हळूहळू जात आले असतील. डाव्या बाजूला काही मोठा आवाज असतो का कामावर?"

ती दुसरी रेघ मी बोटाने तळघरापर्यंत गिरवली. मग म्हटलं, "असतो."

आज एवढंच.

१३ तारीख, गुरुवार

कामावर गेले नाही. सकाळी यांनी चहा आणला आणि उजवीकडे येऊन बसले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

"तुम्हाला माहीत होतं."

ते कपाकडे बघत राहिले.

"चार वर्षं तुम्ही या बाजूला येऊन बसता. चार वर्षं! आणि एका शब्दाने बोलला नाहीत?"

"बोललो होतो एकदा. तू म्हणालीस, माझ्या कानांवर कारखाना चालतो, तुम्ही तुमची करवत बघा."

"म्हणाले असेन. मग दुसऱ्यांदा बोलायचं!"

"दुसऱ्यांदा बोलून तुझी खुर्ची काढून घेऊ? मग मीच माझी खुर्ची हलवली."

मी भांडी आदळली. एक कप फुटला. त्यांनी तुकडे गोळा केले. इतका राग आला की काय करावं कळेना, आणि राग त्यांच्यावर नव्हता हे मला दुपारी कळलं. चूक यांची नाही. चूक झिंज्याची नाही. त्या पोराला मी चारचौघांत खोटारडा म्हटलं. खोटं भिंतीवर लिहिलंय. एक कान रेकॉर्डला, एक कान हॉलला. प्रेसवर लक्ष ठेवायला एक माणूस नेमायचा नाही म्हणून माझा कान नेमला. आणि मी खुळी, पाहुणे आले की त्या अक्षरांखाली ताठ बसायचे.

१४ तारीख, शुक्रवार

कागद मॅनेजरच्या टेबलावर आपटला. मला वाटलं तो म्हणेल, आता उद्यापासून येऊ नका. त्यासाठी मी सगळी उत्तरं पाठ करून गेले होते. त्याने दार लावलं आणि काय म्हणाला?

"मावशी, कुणाला कळायची गरज नाही. तुमचा उजवा कान चोख आहे. जुना हेडफोन घाला, दोन्ही बाजू मिसळून येतात, पहिल्यासारखं चालू द्या. टोपीवर सही करा. झिंज्याला मी सांभाळतो."

"आणि खिडकी?"

"खिडकीचं काय?"

"उघडीच?"

"आता तो कान... म्हणजे, तसंही..."

पुढे बोलायची त्याला लाज वाटली. बरं झालं, नाहीतर त्याची पेनं मी सरळ केली असती.

मी म्हटलं, "ऐका साहेब. झिंज्याची रेकॉर्ड चांगली आहे. चूक माझी होती, ती मी फळ्याजवळ उभी राहून सांगणार, जिथे त्याला बोलले तिथेच. पण सही म्हणजे मी सगळी ऐकली असा अर्थ होतो. मी अर्धी ऐकलीय. उरलेली ऐकायला शांत खोली लागते. खिडकी विटा लावून बंद करा. प्रेसवर माणूस ठेवा. भिंतीवरचं पुसा. मग ऐकते. तोवर तुमचे दोन हजार तिथेच बसतील."

"तुम्ही मला धमकी देताय?"

"हो."

"मी दुसऱ्याची सही घेईन."

"घ्या. अठ्ठावीस तारखेपर्यंत दुसरे कान शोधा. आणि त्याला त्याच खुर्चीत बसवणार असाल तर मी हा कागद फळ्यावर लावते, बारा कार्डांच्या शेजारी. तेरावं मत."

दार उघडून बाहेर आले. फळ्याजवळ गेले. झिंज्या तिथेच होता, अजून सहा-सात जण होते. मी म्हटलं, "या पोराला मी खोटारडा म्हटलं. तो खोटारडा नाही. माझा डावा कान गेलाय. झालं, चहा प्या." झिंज्याचा चेहरा रडवेला झाला. मी म्हटलं, "आता रडून टेप भिजवू नको."

१८ तारीख, मंगळवार

गवंडी आला. हे पण आले, खिडकीची जुनी चौकट काढायला. अर्धा दिवस खणखणाट. भिंतीवरची अक्षरं मी स्वतः खरवडली, 'कान' सगळ्यात शेवटी. प्रेसवर एक बाई नेमली आहे, तिला कानात घालायला बोंडं दिली आहेत. ती काढून ठेवत होती. मी तिला असं झापलं की आता ती आंघोळीलाही काढायची नाही.

१९ तारीख, बुधवार

बंद खोलीत टोपी ऐकली. आधी हेडफोन सरळ घालून, मग उलटा घालून. दोन्ही बाजू, दोन्ही वेळा. दुप्पट वेळ गेला. मॅनेजर दोनदा डोकावला, मी मान वर केली नाही.

खोट नाही. एकही नाही. झिंज्या हुशार आहे, त्याला सांगणार नाही.

चिठ्ठीवर लिहिलं: ड्रम आहे. हेडफोन फिरवून ऐकलं. पास. आणि सही.

पुढच्या महिन्यात दुसरी ऐकणारी येणार आहे, दोन कानांची. तिला शिकवेपर्यंत खुर्ची माझी. पुढचं पुढे.

पुढल्या महिन्याची ९ तारीख

टोपी दुकानात लागून दहा-बारा दिवस झाले. आज पहिली तक्रार आली. एकाने रेकॉर्डच परत पाठवली आहे आणि सोबत पत्र: "एरवी छान आहे, पण ड्रम फार वाजतो. डाव्या कानाला त्रास होतो. पुढच्या छापात ड्रम कमी करावा."

मॅनेजर म्हणाला, "त्याला गोड शब्दांत काहीतरी कळवू. झिंज्या म्हणतोय थोडा कमी करता येईल."

मी पत्र ओढून घेतलं. सही माझी, उत्तर मी देणार. नवी ऐकणारी शुद्धलेखन बघून देईल. कच्चं इथे लिहून ठेवते.

'तुमचं पत्र मिळालं. ही रेकॉर्ड मी पास केली. तिच्यात खोट नाही. ड्रम जास्त नाही, तो माणूस जेवढं वाजवत होता तेवढाच आहे. तो डावीकडे बसायचा. मी ही रेकॉर्ड सत्तावीस वर्षं ऐकली आणि तो कुठे बसतो ते मला गेल्या महिन्यात कळलं. त्याला ऐकायला मला हेडफोन उलटा घालावा लागतो, मग सॅक्सोफोनवाला जातो. चौघं आपापल्या जागी बसलेले मला कधीच ऐकू येणार नाहीत. तुम्हाला येतात आणि तुम्ही म्हणता त्यातला एक कमी करा. त्रास होतो म्हणता. तो त्रास मी पैसे देऊन घेतला असता.

ड्रम कमी होणार नाही. तुमची रेकॉर्ड तुम्हालाच परत पाठवतेय. दुसरी बाजू, तिसरं गाणं. सॅक्सोफोनवाला थांबेल तिथे तुम्ही पण गप्प बसा.'